सहासष्टच्या गाडीत एकोणसत्तरची सीट

अमेरिकेत शुगर लँड गावातल्या गॅरेजात मला नोकरी लागली ती आमच्या ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या शब्दावर. मी नववीतच शाळा सोडलेली. इंग्रजी ऐकून कळायचं, पण बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. काकांनी मालकाला एवढंच सांगितलं होतं की याच्या हातात काम आहे. तेव्हापासून माझ्या हातून काही बिघडलं तर नोकरी जाईल आणि काकांचा शब्दही खाली पडेल, ही धास्ती मला रोज असायची.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात काकांनी स्वतःचीच गाडी आणली. सहासष्टचं मॉडेल, दोन दारांचं. जुन्या सीटची पाठ बुटकी होती. दिवसभर ऑपरेशनला उभं राहून आल्यावर त्यांना टेकता यायचं नाही. म्हणून त्याच गाडीच्या एकोणसत्तरच्या मॉडेलची उंच पाठीची सीट त्यांनी भंगारातून मिळवली होती. काकू म्हणाल्या, "गाडीची पाठ बदलतायत. स्वतःच्या पाठीला व्यायाम सांगितलाय, तो मात्र कॅन्सल."

सीटला खाली चार बोल्ट. तीन जुन्या भोकांत बरोबर बसले, चौथा इंचभर मागे पडला. मधल्या तीन वर्षांत कंपनीने तेवढा बदल केलेला. सांगलीच्या गॅरेजात मी सात वर्षं काढली होती, तिथे अशा वेळी कोणी विचारत बसायचं नाही. ड्रिल घेतलं, गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोक पाडलं, बोल्ट आवळला आणि वर कार्पेट टाकलं. सीट हलेना. मी खूश.

दुपारी मालक दुसऱ्या एका जुन्या गाडीत पुढच्या मॉडेलचा डॅशबोर्ड बसवत होता. तो बसेना, तर मालक डॅशबोर्डचीच कड घासत बसला. मी खुणेने विचारलं, पत्र्याला भोक का नाही पाडत? तो म्हणाला, "गाडीला हात लावायचा नाही. बाहेरून आलेला पार्ट बदलायचा. उद्या गिऱ्हाइकाला जुनं परत लावावंसं वाटलं, तर ते बसलं पाहिजे."

मी काकांच्या गाडीपाशी गेलो आणि कार्पेट उचलून तो चौथा बोल्ट पुन्हा पाहिला.

संध्याकाळी काका आले, सीटवर बसले, मागे टेकले. "वा. आता जमलं बघ."

"काका, खाली मी एक नवीन भोक पाडलंय. पाडायचं नसतं, हे नंतर कळलं."

त्यांनी कार्पेट उचलून पाहिलं. "मालकाला सांगितलंस?"

"नाही. तुम्ही सांगता का? मला इंग्रजीत नीट जमणार नाही."

"भोक काय मराठीत पाडलंस? जा, तूच सांग. मी बसलोय इथे."

मालकाला गाडीपाशी आणलं. "माय मिस्टेक, सर," एवढंच म्हणालो. मग बोल्ट काढला आणि भोकावर बोट ठेवलं. त्याने वाकून पाहिलं. मग म्हणाला, "उद्या शनिवार आहे. येऊन हे बुजव. मग सीटला पट्टी कर."

शनिवारी मी वेल्डिंग करून भोक बुजवलं, घासलं, रंग दिला. सीटच्या पायाला लोखंडी पट्टी लावून चौथा बोल्ट जुन्या भोकावर आणला. मालकाने बुजवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि माझी नोकरी राहिली की गेली, हे न सांगताच घरी गेला. रविवारी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी दाराशी आलो. हजेरीच्या घड्याळाशेजारी सगळ्यांची कार्डं लावलेली असत; ज्याला कामावरून काढलं, त्याचं कार्ड तिथून काढून घेत. माझं कार्ड जागेवर होतं. ते काढलं, पंच केलं आणि आत गेलो.