साहेबाच्या चित्रातला बांध

बाळांनो, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, इथल्या संग्रहालयात वसईचं जुनं इंग्रजी चित्र पाहिलं. किती छान रिकामं होतं गं सगळं!" तेव्हापासून माझं डोकं तापलं आहे, म्हणून आजच लिहिते.

ते चित्र मी ओळखते. बंदूक घेतलेला साहेब, पायाखाली मेलेला बिबट्या, मागे खाडी. खाली इंग्रजीत लिहिलेलं: निर्जन दलदल. नव्वदीच्या दशकात एका बिल्डरने ते आपल्या माहितीपत्रकावर छापलं होतं, शेजारी स्वतःचा हसरा फोटो. त्याला आमचं खाजण, म्हणजे खाडीकाठचं भातशेत, हवं होतं. "काकू, साहेबानेच लिहून ठेवलंय, इथे काही नव्हतंच," तो मला म्हणाला. माझे दीर, तुमचे धाकटे आजोबा, गणपती झाले की सही करणार होते.

चित्रात खाडीलगत एक सरळ रेघ होती. तो आमचा बांध. दरवर्षी पावसाआधी सारं गाव चिखल वाहून तो भरायचं. साहेबाने चित्रात बांध दाखवला आणि माणसं गाळली.

मी पत्रकाची झेरॉक्स मोठी करून आणली, कात्री आणि खळ घेऊन बसले. अल्बममधल्या सासूबाई, डोक्यावर चिखलाची पाटी घेतलेल्या, बांधावर चिकटवल्या. त्यांच्यामागे सगळ्या जावा. बिबट्या कापून चार पायांवर उभा केला. चिखलात उड्या मारणारा निवटी मासा काढून त्याच्या धडाला साहेबाचं डोकं लावलं. बिबट्याच्या पंजाखाली बिल्डरचा हसरा फोटो. आणि ते सगळं घरच्या गणपतीच्या मखरामागे लावलं.

दर्शनाला गाव लोटलं. दिरांच्या आमंत्रणावरून बिल्डरही आला, हात जोडले आणि मान वर केली.

शेजारच्या म्हातारीने काठीने चित्र दाखवत विचारलं, "इथं कोनी नव्हतं, तर ह्यो बांध कोनी घातला रे? साहेबाच्या बापानं?"

घर हसलं. देवासमोर त्याला रागावताही येईना. मी त्याच्या हातावर मोदक ठेवला. तो उतरलेला चेहरा मला अजूनही गोड लागतो.

तो गेल्यावर दीर बराच वेळ त्या चित्रातल्या आपल्या आईपुढे उभे राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "फार वाईट आहात तुम्ही." सही त्यांनी केली नाही.

आजूबाजूची शेतं बिल्डरने घेतलीच. तिथे इमारती आहेत. आपला तुकडा अजून आहे, आणि त्यात दरवर्षी भात होतो.