चौथं चाक

रस्त्यात ट्रक अडवावा तसा तळहात पुढं करून ते म्हणायचे, "सुकू द्या, बाई." मी काहीही विचारलेलं असो. कपाटाची किल्ली मागितली तरी आधी तो हात आणि मग "सुकू द्या". ब्रश थिनरमध्ये बुचकळून, फडक्याला पुसून, त्याचा एकही केस वाकडा नाही हे डोळ्यांजवळ धरून बघून झालं की मग किल्ली मिळायची.

कळंबच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सांभाळायचे. शाळेत अशा माणसाला सगळेच मामा म्हणतात, मीही म्हणायचे. मी विज्ञान शिकवते. आवाज मोठा आणि धीर थोडा अशी माझी ख्याती आहे, आणि ती खरी आहे.

मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर मामा मोटारी बांधायचे. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, प्लास्टिकच्या. कुरिअरनं खोका यायचा. आत चौकटींना लटकलेले शंभरेक बारके भाग असायचे. नेलकटरनं एकेक भाग तोडायचा, कडा घासायच्या, चिकटवायचा, रंगवायचा. एका गाडीला तीन-चार महिने लागायचे. प्रयोगशाळेतली निम्मी भांडी या कामात गुंतलेली असत. पाण्यात सोडवायची स्टिकरं काचेच्या बशीत तरंगायची, रंगवलेली बॉडी परीक्षानळ्यांच्या स्टँडवर उलटी वाळायची. स्पिरिटच्या दिव्यावर प्लास्टिकची काडी धरून मामा ती हलकेच ताणायचे आणि केसाएवढी बारीक तार ओढायचे. ती गाडीची एरियल. रंग द्यायच्या आधी फरशीवर पाणी शिंपडून खिडक्या लावून घ्यायचे, कारण आमच्या गावची धूळ सगळ्यांच्या कामात नाक खुपसते.

"मामा, या वयात खेळणी?" एकदा मुख्याध्यापकांनी विचारलं.

"खेळणं न्हाय सर. खेळण्याला कुनीबी हात लावतंय," मामा म्हणाले आणि खोक्याचं झाकण लावून टाकलं.

तुम्ही आठवडाभर त्यांच्याजवळ बसला असतात तर आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असती. मामा भित्रे होते. दिवा पेटवताना तोंड फिरवायचे. एस.टी.त ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून वाटभर त्याच्याबरोबर ब्रेक दाबायचे. मी हे शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून दाखवायचे आणि सगळे हसायचे. आता मला त्या नकलेची लाज वाटते.

त्यांची सगळ्यात मोठी भीती पुण्यात होती. त्यांची एकुलती एक मुलगी तिथं दवाखान्यात नर्स. महिन्यातून एका शनिवारी ती एकटी गाडी चालवत गावाकडं यायची. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा आणि मग कळंब. बार्शीला आली की एक फोन करायची, घरी पोचली की दुसरा.

मामांनी तिचीच गाडी बांधली होती. त्या गाडीचा खोका मिळेना, म्हणून दुसऱ्याच एका परदेशी गाडीचा मागवला आणि तिचं नाक कानशीनं घासून आखूड केलं. पांढऱ्या रंगाचे पाच हात दिले. नंबरप्लेटवर भिंगाखाली तिचाच नंबर काढला. तिच्या डाव्या दाराला खांबाला घासून पोचा आला होता. मामांनी तापवलेल्या चमच्याची पाठ टेकवून तो पोचासुद्धा पाडला. वर मलाच विचारलं, "जरा जास्त खोल झाला का, बाई?"

त्या गाडीची तीन चाकं पक्की चिकटवलेली होती. पुढचं डावं चाक तेवढं सुटं. मुलगी पुण्याहून निघाली की मामा ते काढून काचेच्या बशीत ठेवायचे आणि "पोचले" असा फोन आला की बसवायचे. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी सोडते की काय!

"मामा, हे काय खूळ?"

"माझ्या थोरल्या भावानं जीप घेतली व्हती, परंड्याला," ते म्हणाले. "नारळ फोडला, हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठिवली. कायबी कमी ठिवलं न्हाय. चौथ्या दिवशी जीप घिऊन गेला, त्यो आलाच न्हाय." मग बशीतलं चाक मला दाखवत म्हणाले, "लेकराच्या गालाला तीट कशापायी लावतेत, बाई? पुरं देखणं दिसू नये म्हणून. पुरं झालं की नजर लागतीय."

"ही अंधश्रद्धा आहे."

"व्हय," मामा म्हणाले. "लई मोठी हाय."

अशा माणसाशी काय वाद घालणार? त्या शनिवारी ते घरीही जायचे नाहीत. मुलगी येईपर्यंत प्रयोगशाळेतच बसायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिची आई बी भेतीय. दोघं एका खोलीत बसलो की भ्या दुप्पट व्हतंय."

आता जे सांगते ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

ऊस तोडणीचे दिवस होते. शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटली. मुलीचा बार्शीहून फोन येऊन गेलेला होता. मामा वर्गांना कुलपं लावायला गेले. टेबलावर ती पांढरी गाडी, शेजारी बशीत चाक, आणि गोंदाची बाटली. मी त्याच सकाळी आठवीला कार्यकारणभाव शिकवून आले होते. मला वाटलं, मुलगी आता तासाभरात येईल. ती आली की मामांना दाखवायचं, बघा, चाक तर कधीचंच बसलंय! एका झटक्यात भीती जाईल. मी थेंबभर गोंद लावला, चाक दाबून धरलं, आणि ती बाजू भिंतीकडं करून गाडी ठेवून दिली. रिकामी बशी तिच्यामागं सरकवली.

बारा वाजले. साडेबारा वाजले. मामांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला, तेच. एक वाजता आमचे खेळाचे सर दारात आले. ते येरमाळ्याहून मोटारसायकलवर आले होते आणि धुळीनं माखले होते.

"रस्ता जाम हाय. येरमाळ्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली उलटलीय," ते म्हणाले. "पांढरी गाडी घावलीय म्हणं खाली."

त्यांना मामांच्या मुलीचं काही ठाऊक नव्हतं. सांगून ते नळावर तोंड धुवायला गेले.

वीस वर्षं मी पोरांना शिकवत आले की एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडण्याआधी पुरावा बघा. त्या क्षणी मला एकच दिसत होतं. चाक मी बसवलं होतं. मामा फोन कानाला लावून खिडकीशी उभे होते. मी गाडी उचलली आणि ब्लेडनं ते चाक उचकटायला लागले. घाईत ब्लेड माझ्याच बोटात शिरलं. पांढऱ्या बॉनेटवर रक्ताचा थेंब पडला आणि मामांनी मागं वळून बघितलं.

"कवा बसवलं?"

"साडेअकराला."

त्यांचा तळहात सवयीनं वर आला. पण "सुकू द्या" हे शब्द आले नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून गाडी घेतली, चपला घातल्या आणि म्हणाले, "स्कूटी काढा."

मी चालवत होते. मामा मागं बसले होते, एका हातात मागची दांडी, दुसऱ्या हातात ती गाडी. मागं त्यांचा पाय ब्रेक दाबत होता, ते मला कळत होतं. वाटभर मी तुळजाभवानीला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, विज्ञानाच्या बाईनं ते सांगू नये. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. आणि वाटायचं, आणखी थोडं दूर असू दे.

मग दिसलं. रस्ताभर ऊस, आडवी ट्रॉली, आणि उसाखाली एक पांढरी गाडी. नंबर दिसत नव्हता. मामा स्कूटी थांबायच्या आधीच उतरले. मॉडेल माझ्या हातात कोंबून त्यांनी ऊस उपसायला सुरुवात केली. पाचटानं हात चिरत होते. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं, कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. ते मुलीच्या नावानं ओरडत होते.

"ओ काका, आमी हितं हाव की!"

रस्त्याच्या कडेला दोन माणसं बसली होती. एकानं कपाळाला रुमाल धरला होता, दुसरा ऊस खात होता. गाडी त्यांची होती.

मामा तिथंच ढेकळात बसले. तेवढ्यात ट्रॉलीच्या पलीकडून, अडकलेल्या गाड्यांच्या रांगेतून, खांद्याला पर्स लावलेली एक मुलगी वाट काढत आली.

"आप्पा? तुमी हितं कशाला? माझा फोन बंद पडलाय, चार्जरच चालंना."

मामांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं, आणि माझ्या हातातल्या गाडीकडं. चाकाला एक बोट लावून बघितलं. पक्कं होतं.

"चारी चाकं बसलेली व्हती, बाई," ते हळूच म्हणाले. "तरी आली. परयोग झाला. वहीत लिहून ठिवा."

त्यानंतर मामा निराळेच झाले. मुलगी यायची असली तरी शनिवारी शाळा सुटताच घरी जाऊन जेवायचे आणि चक्क झोपायचे. एस.टी.त अगदी शेवटच्या सीटवर बसायला लागले. रक्ताचा तो डाग त्यांनी पुसला नाही. "खरी गाडी बी कुठं सोच्छ असतीय," म्हणायचे. ते निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, त्यानं गाडी घेतली. मामांनी तीसुद्धा बांधून मला दिली, निळी. "चारी चाकं पक्की हायेत, बाई. आता हालत न्हाईत," असं कौतुकानं म्हणाले. मागच्या वर्षी ते गेले. दुपारी जेवून झोपले, तसेच.

आमचा प्रयोग एकच होता. मामांनी त्यातून घेतलं की चाकानं काही होत नाही. माझ्या मनात मात्र एवढंच राहिलं की मी चाक बसवलं आणि ट्रॉली उलटली. कुणाचा निष्कर्ष बरोबर, हे मला नीट कळतं. परीक्षेत विचारलं तर मी पैकीच्या पैकी गुण घेईन.

आज शनिवार आहे. मुलगा सकाळी पुण्याहून निघालाय, बार्शीहून त्याचा फोन येऊन गेला. शाळा सुटलीय. नव्या परिचरानं प्रयोगशाळेची किल्ली मला दिलीय आणि तो घरी गेलाय. मामांच्या टेबलावर निळी गाडी तीन चाकांवर कलून उभी आहे. त्यांनी पक्कं केलेलं चाक काढायला मला अर्धा तास लागला, आणि ब्लेड या वेळीही बोटाला लागलं. चाक काचेच्या बशीत आहे. मामा, मला माफ करा. साडेबारा वाजलेत आणि फोन अजून आलेला नाही.