आकडे फार, माणसं थोडी

समीरचा फोन आला तेव्हा मी आमच्या राजाजीनगरच्या दुकानात एका बाईंना साड्या दाखवत होते. "अक्का, मृणाल गेली," एवढंच तो म्हणाला. हे होणार हे ठाऊक होतं, तरी हातातल्या साडीची घडी कशी घालायची हेच मला सुचेना... शेवटी त्या बाईंनीच ती माझ्या हातातून काढून घेतली. त्याला आता दीडेक महिना झाला.

मृणाल आणि समीर नवरा-बायको, मूळचे नागपूरचे. जे. पी. नगरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. आमच्या तीन पिढ्या बंगळुरात गेलेल्या, मराठीत कानडी मिसळलेलं. "खालून 'स्वल्प थांब गं' ऐकू आलं, म्हटलं हे कुठलं मराठी ते बघून यावं!" असं म्हणत ती पहिल्यांदा घरात शिरली, आणि मग आमचीच झाली. कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठींची माहिती तपासणं हे तिचं काम. एकेका गाठीतली हजारो जनुकं मोजलेली असायची; रुग्ण मात्र मूठभर. "इतकी माहिती असल्यावर सोपंच की," मी एकदा म्हटलं. ती हसली. "उलट आहे, अक्का. समजा दुकानात पाच बायका आल्या आणि दोघींनी साडी घेतली. प्रत्येकीबद्दल हजार गोष्टी विचारल्यात, तर त्या दोघींत काहीतरी सारखं निघणारच. दोघींकडे पांढरं मांजर असेल. म्हणून मांजरवाल्या बायका साड्या घेतात असं म्हणाल का?"

पुढे तिच्याच पोटात गाठ निघाली, फार क्वचित आढळणाऱ्या प्रकारची. "तू हेच काम करतेस ना? मग शोध ना काहीतरी!" समीर कळवळून म्हणायचा. ती शोधत होतीच. एखादं जनुक हाती लागल्यासारखं वाटायचं, पुन्हा पडताळलं की निसटायचं. "असे रुग्णच नाहीत, अक्का. मी स्वतःला कोणाशी ताडून बघू?"

मग डॉक्टरांनी तिच्या अहवालातल्या एका जनुकावर बोट ठेवलं. त्यावर चालणाऱ्या गोळ्या दुसऱ्याच कॅन्सरसाठीच्या होत्या. करून बघू, म्हणाले. समीरचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. मृणाल माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "हा निव्वळ योगायोग असेल. नसेलही. सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे... पण त्याला नाही कसं म्हणू?"

गोळ्यांनी तिचं तोंड सोलवटलं, पाणी गिळवेना. गाठ वाढतच राहिली. "अजून थोडे दिवस घे," समीर म्हणाला, तेव्हा माझ्याकडे बघत ती आमच्यासारखं कानडीत पुटपुटली, "सरी," म्हणजे बरं. तिच्या मनातली शंका त्याला कधी कळली नाही. मी बाजूला उभी राहून बघण्यापलीकडे काही करू शकले नाही.

परवा जेवण घेऊन वर गेले. समीर तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीवर बसला होता. समोर तिचा संगणक, त्यावर खालपर्यंत सरकत जाणारे आकडे. तो बँकेत नोकरी करतो. हे वाचायला तो आता शिकतो आहे. "अक्का, हे बघा. हे जनुक मृणालमध्ये होतं, आणि ही एक बाई वाचली, तिच्यातही आहे. आम्हाला आधीच दिसायला हवं होतं ना?"

मला ते पांढरं मांजर आठवलं. ताट बाजूला ठेवलं, स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले, चष्मा घातला... आणि तो जिथे बोट ठेवेल तिथे बघत राहिले.