पाच वर्षं टिकणारा सेल

त्याला सगळे सेलवाला म्हणायचे. ओळखपत्रावर खरं नाव छापलेलं होतं, पण ते वाचायची गरज कधी कुणाला पडली नाही.

एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारावर त्याची कंपनी काडेपेटीएवढी एक डबी बसवायची. दार उघडलं, की डबीतला सर्किट बोर्ड दूर राहणाऱ्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या फोनवर निरोप धाडायचा. सकाळचा निरोप पोचला, की तिकडे त्यांचा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे उठले, दार उघडलं, बरं आहे. अडचण एकच होती. तो बोर्ड भारी खादाड. नवा सेल घालावा, तर दोन-तीन महिन्यांत त्यानं मान टाकलीच. मग सेलवाला खांद्याला पिशवी अडकवून घरोघर हिंडायचा, स्टुलावर चढायचा, सेल बदलायचा आणि खाली उतरायचा.

काम पाच मिनिटांचं, पण पाच मिनिटांत त्याला कुणी सोडेल तर शपथ. कुणाची खिडकी अडकलेली असायची, कुणाच्या चष्म्याचा स्क्रू निघालेला. एक आजी तर फोनमधले फोटो दाखवायला बसायच्या आणि प्रत्येक नातवाची ओळख करून द्यायच्या, दर खेपेला नव्यानं. तो उशीर होतोय म्हणून कुरकुरायचा, पण पाय निघायचा नाही. घरी वाट पाहणारं होतंच कोण? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक बहीण होती. ती कधीतरी फोन करून त्याची तब्येत विचारायची आणि त्याचं उत्तर संपायच्या आत स्वतःची सांगायला लागायची.

सगळ्या घरांत त्याला आवडायचं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं घर. काकांनी जन्मभर बस चालवली होती. तो चढला, की ते दोन्ही हातांनी स्टूल धरायचे. म्हणायचे, "सांभाळून रे. तू पडलास तर निरोप कुणाला धाडायचा, ते मला ठाऊक नाही." मग दोन कप चहा व्हायचा. काका जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. त्या गप्प बसण्याचं दोघांनाही ओझं वाटत नसे.

मग नवा बोर्ड आला. तो बनवणाऱ्या मुलीनं ऑफिसात सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं. जुना बोर्ड रात्रंदिवस टक्क जागा राहून विचारत बसायचा, दार उघडलं का, दार उघडलं का. नवा कुंभकर्णासारखा झोपतो. दार हललं तरच जागा होतो, निरोप धाडतो, पुन्हा झोपतो. एक सेल पाच वर्षं पुरतो. मुलगी खूप खपली होती, चेहरा उजळला होता तिचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेलवाल्यानंही वाजवल्या. घरी जाताना जिन्यात त्याच्या ध्यानात आलं, की आपण कशाला टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या फेरीत तो घरोघर नवे बोर्ड बसवत गेला. आता मी पाच वर्षांनी येईन, असं सगळीकडे सांगत गेला. फोटोवाल्या आजी म्हणाल्या, बरं झालं बाबा, तुझी दगदग वाचली. काकांनी मात्र नेहमीपेक्षा घट्ट स्टूल धरलं.

"पाच वर्षं?" ते म्हणाले. "मग सरळ निरोपच घे की."

तो हसला. स्टुलावरून खाली उतरला.

कंपनीनं त्याला काढलं नाही. मागच्या खोलीत टेबल दिलं. परत आलेले बोर्ड एकेक करून मीटरला जोडायचे, झोपेत किती वीज खातात ते पाहायचं, चांगले एका ट्रेमध्ये, बिघडलेले दुसऱ्यात. काम सोपं होतं, खुर्ची मऊ होती. बोर्ड बोलत नव्हते, आणि तिकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं. नव्या घरी डब्या बसवायला मला धाडा, असं त्यानं एकदा त्या मुलीला विचारून पाहिलं. ती म्हणाली, आता पाठीला चिकटपट्टी असते, लोक स्वतःच लावतात. ती वाईट बोलली नाही, उलट त्याचे कष्ट वाचले म्हणून खूश होती.

एका रविवारी तो काकांकडे गेला. पिशवी न घेता.

काकांनी दार उघडलं आणि पहिलं विचारलं, काय बिघडलं? काही नाही, इकडून चाललो होतो, असं तो म्हणाला. ती इमारत रस्त्याच्या पार टोकाला होती. तिच्यावरून पुढे कुठेच जाता येत नसे. काकांना ते कळलं, त्यांनी कळल्याचं दाखवलं नाही. चहा झाला. पण हाताला काम नव्हतं, आणि कामाशिवाय गप्पा कुठून सुरू करायच्या हेच दोघांना उमगेना. एवढ्यात काकांच्या लेकीचा फोन आला. भलत्या वेळी दार उघडलं, म्हणून ती घाबरली होती. सेलवाला आलाय म्हटल्यावर तिनं फोन त्याच्याकडे द्यायला सांगितलं.

"दादा, राग मानू नका," ती म्हणाली. "पाच वर्षं कुणी येणार नाही, असं कंपनीनं सांगितलं होतं. बाबा एकटे असतात, म्हणून विचारते, तुम्ही कशासाठी आलात?"

काही नाही, सहज, असं तो म्हणाला. तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. काका म्हणाले, बस रे. तो बसला नाही.

त्यानंतर तिकडे जाणं त्याच्या जिवावर यायचं. खूप दिवसांनी, धीर करून गेला, तर दाराला कुलूप. दारावर डबीच्या जागी रंग निघालेला चौकोन तेवढा होता. शेजारीण म्हणाली, काकांची कंबर धरली, लेक येऊन घेऊन गेली, आता ते तिकडेच राहणार. जाताना लेकीनं डबी कंपनीला परत पाठवायचं काम शेजारणीवरच सोपवलं होतं, ते तिनं कधीच उरकलं होतं.

म्हणजे तो बोर्ड त्याच्या टेबलावर येऊन गेला होता. त्यानं तो मीटरला लावला असणार, सेल भरलेला पाहिला असणार, आणि चांगल्यांच्या ट्रेमध्ये टाकला असणार. बोर्डावर फक्त क्रमांक असतो. तो पायरीवरच बसला. शेजारणीनं पाणी आणून दिलं आणि न मागता लेकीचा नंबरही दिला.

तो नंबर बरेच दिवस त्याच्या खिशात राहिला. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यानं फोन लावला. लेकीनं आवाज ओळखला. काही न विचारता तिनं फोन बाबांकडे दिला.

"कोण, सेलवाला?" काकांचा आवाज बारीक झाला होता. "बोल रे बाबा. इथे सगळे आहेत. आज त्यांना सुट्टी, एरवी सकाळी सगळे जातात, संध्याकाळी सगळे येतात. मी मध्ये असतो."

त्यानं कंबरेची चौकशी केली. काकांनी त्याच्या कामाची केली. बसून असतो, असं तो म्हणाला. मीही, काका म्हणाले. पुन्हा करीन, असं त्यानं सांगितलं, आणि काका बरं म्हणाले.

पण काकांना फोन नीट बंद करता आला नसावा. तिकडून भांड्यांचा आवाज यायला लागला. नळ चालू झाला, कुणीतरी कुणाला हाक मारली, काका खोकले. सेलवाल्यानं फोन कानाला तसाच धरला आणि डबा संपेपर्यंत ऐकत राहिला.