मंगलनं सही केली नाही

वारूळवाडीच्या दादाभाऊंनी थोरल्या लेकीला, मंगलला, सातवीनंतर शाळेत पाठवलं नाही. कारण काही फार मोठं नव्हतं. त्या साली त्यांनी पहिल्यांदाच तारेवर टोमॅटो केला होता, बांधणीला माणूस मिळत नव्हतं आणि पोरीचा हात चलाख होता. एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू, असं ते म्हणाले. तो हंगाम गेला, पुढचा आला, आणि बघायचं राहूनच गेलं. धाकटा सोपान मात्र नारायणगावला कॉलेजात जाऊन आला. त्याच्या डब्यासाठी पहाटे चूल पेटवायची ती मंगलच.

लग्न शिनोलीच्या चांगदेवशी झालं. तो आकुर्डीला कारखान्यात होता, म्हणून मंगल आकुर्डीला आली. काही वर्षांनी कारखान्याला टाळं लागलं. चांगदेव महिनाभर खाटेवर छताकडे बघत पडला तेव्हा मंगलनं शेजारणीकडून शिलाई मशीन चालवायला शिकून घेतलं आणि पुणे स्टेशनजवळच्या एका इस्पितळात चादरी, पडदे, डॉक्टरांचे झगे शिवायचं काम धरलं. रोज लोकलनं जायचं, लोकलनं यायचं.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला रेल्वेची सवय कुठून असणार? तिकडे रूळच नाहीत. पहिल्या दिवशी मंगल फलाटावर आपली नीट उभी राहिली. यष्टीचा कंडक्टर जसा 'चला, सरका पुढं' म्हणतो तसं इथंही कोणी म्हणेल, अशी तिची समजूत. कोणी काही म्हणालं नाही. बाया चढल्या, गाडी सुटली, मंगल तिथंच. दुसऱ्या दिवशी तिनं पदर कमरेला खोचला आणि गाडी थांबायच्या आधीच दाराचा अंदाज घेतला. त्यानंतर तिची गाडी कधी चुकली नाही.

दादाभाऊ वारले तेव्हा मंगलनं पन्नाशी ओलांडली होती. तेरावं झालं, पाव्हणे पांगले, आणि संध्याकाळी सोपाननं ओट्यावर कागद आणून ठेवले. बहिणींनी हक्क सोडायचा, मग सगळं रान त्याच्या नावावर होणार. आमच्याकडे हे असंच चालतं. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो, दोघांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि माहेर शाबूत राहतं. ओतूरला दिलेल्या धाकट्या भागूनं पेन घेतलं, सही केली, डोळे पुसले. मग पेन मंगलपुढे आलं.

"मी सही करणार न्हाई," मंगल म्हणाली.

सोपानला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं विचारलं, "आक्का, साडीचोळीला कधी कमी पडलं का तुला?"

"न्हाई पडलं. पण मला साडी नको, रान पायजे. मला कसायचंय."

त्या रात्री त्या घरात कोणी मंगलशी बोललं नाही. आई अंबाबाईनंसुद्धा ताट वाढलं आणि तोंड फिरवलं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दादाभाऊची लेक माहेरावर उठली, शहराचं पाणी लागलं, जावयानंच फूस दिली असणार. खरं तर जावई बिचारा तिला आवरतच होता. भावाशी वैर घेतलं तर दिवाळीला जायचं कुठं, असं तो म्हणाला. मंगल म्हणाली, "शिनोलीला तुमच्या भावांनी तुमचा वाटा वेगळा केला, तवा तुमाला कुणी विचारलं का, दिवाळीला कुठं जाशील म्हणून?" त्यानंतर कचेरीच्या जवळजवळ प्रत्येक तारखेला चांगदेवच तिच्या सोबत गेला.

वारसनोंदीचा वाद जुन्नरच्या तहसील कचेरीतून मंचरच्या प्रांत कचेरीत गेला. मंचरला निकाल मंगलच्या बाजूनं लागला, तर सोपाननं पुण्याच्या कचेरीत अपील केलं. त्याचं म्हणणं असं, की वडिलांनी हयातीतच तोंडी वाटप केलं होतं, सगळं रान मुलाला दिलं होतं आणि आई त्याला साक्षीदार आहे.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी सोपान आईला घेऊन जीपनं आकुर्डीला आला. त्याला आणखी एकदा बोलून बघायचं होतं. मंगलनं कालवण-भाकरी केली, भावाला आग्रह करून वाढलं. तो बोलत राहिला आणि ती वाढत राहिली. जेवून हात धुतल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की पुण्यात त्या कचेरीपाशी गाडी लावायला जागा नसते, तेव्हा सकाळी लोकलनं जाऊ.

चांगदेवला सकाळी ताप भरला होता, म्हणून तिघंच निघाले. अंबाबाई जन्मात रेल्वेत बसली नव्हती. फलाटावर तिनं सोपानचा दंड घट्ट धरला होता. गाडी आली तशी मंगलनं आईचा दुसरा हात धरला आणि तिला बायकांच्या डब्यात चढवलं. मागोमाग सोपान चढायला लागला, तर दारातल्या एका बाईनं आडवा हात धरला. "भाऊ, हा लेडीज डबा हाय. तुमचा मागं." वारूळवाडीत ज्याला सगळे वाट देतात त्या सोपानला फलाटावरून धावत मागचा डबा गाठावा लागला.

डब्यात सगळ्या मंगलच्या ओळखीच्या. एकीनं उठून अंबाबाईला खिडकीशी जागा दिली. मंगलताईंच्या आई का, म्हणून दुसरीनं पाणी पुढं केलं. अंबाबाई बावरून इकडंतिकडं बघत होती.

"ह्या समद्या कुठं निघाल्या गं?"

"कामाला."

"रोज?"

"रोज."

चिंचवड गेलं. अंबाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, की सोपाननं तिला काय बोलायचं ते पाठ करून घेतलंय. मंगलला ते माहीतच होतं. तिनं आईच्या मांडीवर हात ठेवला. "तू त्याच्या बाजूनंच बोल, आये. तुला त्याच्याच घरात ऱ्हायचंय. मला राग न्हाई यायचा. पण मी माघार न्हाई घ्यायची, येवढं तुला सांगून ठेवते." आणि मग तिनं आईला एक गोष्ट सांगितली, जी घरात कोणीच सांगितली नव्हती. दादाभाऊंच्या मागं रानाला तीन पोरांच्या जोडीनं अंबाबाईचंही नाव लागतं. तिचाही वाटा निघतो.

"माझा?"

"तुझा. बायको व्हतीस ना त्यांची?"

पिंपरी, कासारवाडी, दापोडी गेलं. खडकीला गाडी थांबली तेव्हा अंबाबाई आपल्या माहेराबद्दल बोलायला लागली. तिलाही भावांनी भाऊबीजेला कागदावर अंगठा लावायला लावला होता. ओवाळून झालं की लगेच, ताटातलं कुंकू अजून बोटाला होतं. पुढं काही वर्षं साडी आली. मग भाऊ गेले, भाच्यांना आत्या आठवेनाशी झाली. शेवटची साडी कधी आली तेही तिला सांगता येईना. हे ती रडून सांगत नव्हती. बाजारात कोणी फसवलं ते सांगावं, तशा सुरात सांगत होती.

पुणे स्टेशनात गर्दी ओसरू द्यायची म्हणून मंगल थांबली, पण अंबाबाई आधीच उठली होती. दांडी धरून ती आपली आपण उतरली. सोपान धापा टाकत आला.

"काय बोलत व्हतीस तिच्यासंगं?"

"रेल्वे बघत व्हते," अंबाबाई म्हणाली.

कचेरीत नंबर यायला दुपार झाली. साहेबांनी अंबाबाईला नाव विचारलं, मग वाटपाचं विचारलं. सोपानचा वकील तिला आठवण करून द्यायला पुढं झुकला. अंबाबाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वाटप-बिटप काय झालं न्हाई, साहेब. धन्याला शेवटाला बोलताच येत नव्हतं, तवा वाटप कशानं करतील? पोरानं मला तसं सांग म्हनून सांगितलंय. पर खोटं मी बोलायची न्हाई."

वकील म्हणाला, वय झालंय, म्हातारीचे कान भरलेत. अंबाबाईचा आवाज चढला नाही. "मला ऐकू येतं, दिसतंय बी. लेकीनं तर मला पोराच्याच बाजूनं बोल म्हनून सांगितलं. मी न्हाई बोलले. आन् रानाला माझं बी नाव हाय म्हनं. ते ऱ्हाऊ द्या. मी बी सोडायची न्हाई."

मंगल भिंतीला टेकून उभी होती. इतकी वर्षं ती एकटीच अडून बसली आहे असं तिला वाटत आलं होतं. आता ती कोणाची परवानगी न घेता तिथल्या बाकावर बसली.

सोपान त्या दोघींसाठी थांबला नाही. त्यानं रिक्षा केली, आकुर्डीहून जीप काढली आणि आईला न घेताच गावी गेला. अंबाबाई लेकीकडे राहिली. पुण्याचा निकालही मंगलच्या बाजूनं लागल्याचं कळलं, तेव्हा तिनं पिशवी भरली. इथंच राहा, म्हणून मंगलनं लई विनवलं. पण अंबाबाई म्हणाली, घर माझं आहे, मी काय म्हणून लेकीकडं लपून राहू? मंगलनं तिला नारायणगावच्या गाडीनं वारूळवाडीला नेलं. दार सुनेनं उघडलं. अंबाबाई आत गेली, आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "ज्याला हाकलायचंय त्यानं हाकलावं." कोणी हाकललं नाही. त्या रात्री सुनेनं तिला गरम पाण्याची बादलीही दिली.

मोजणी झाली. मीना नदीच्या अंगाची पट्टी मंगलच्या वाट्याला आली, विहीर सोपानकडे राहिली. विहिरीचं पाणी त्यानं पहिल्याच आठवड्यात बंद केलं. पाण्याशिवाय पालापाचोळा तेवढा पिकवील ती, असं त्यानं पारावर लोकांना ऐकवलं, आणि ते मंगलपर्यंत पोचलं. ती त्याच्याकडे पाणी मागायला गेली नाही. नदीवर मोटर बसवायला पैसे नव्हते, म्हणून पाऊस पडल्यावर तिनं बाजरी पेरली. रविवारी सुटी असते, तेव्हा ती चांगदेवला घेऊन पहिल्या गाडीनं यायची, खुरपायची, संध्याकाळी परत जायची. नदीपलीकडची माणसं सुरुवातीला बांधावर उभी राहून बघायची. पुढं त्यांच्यातल्याच एकानं न मागता तण काढायचं कोळपं आणून दिलं.

बाजरी कंबरेवर आली तेव्हा भागू ओतूरहून आली. ती बांधावर बराच वेळ उभी होती. आपण सही केली ते चुकलं का, असं तिनं शेवटी विचारलं. मंगलनं तिला चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. खुरपं तिच्या हातात दिलं आणि दोघी बहिणींनी ओळ धरली.

सोपान अजून बोलत नाही. समोरून येताना दिसला की मान खाली घालून गाडीचा वेग वाढवतो. मंगल मात्र रस्त्याच्या कडेला थांबते आणि दरवेळी मोठ्यानं विचारते, "सोपान, बरा हायेस का?" तो उत्तर देत नाही. लोक म्हणतात, कशाला विचारतेस गं, एवढं सगळं झाल्यावर? मंगल म्हणते, "वाटा मागितला, भाऊ न्हाई सोडला. त्याला सोडायचा आसंल तर त्यानं सोडावा." आणि ती डोक्यावर टोपली घेऊन रानाकडे वळते.