मुका गंधार

बाबा रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून ज्या गाडीनं कासूला उतरले, त्याच गाडीत मला आमच्या त्या छोट्या स्टेशनात चढायचं होतं. बॅग वर चढवून देताना ते एवढंच म्हणाले, “गाण्यावर पोट भरतं काय गो? वरीसभर बघ. नाय जमलं तर परत ये, कंपनीत सांगून ठेवतो.” गाडी हलली. बडोद्याच्या संगीत कॉलेजची प्रवेश परीक्षा पुढे उभी होती आणि मला इकडे रडू आवरत नव्हतं.

हे वेड पेणच्या शाळेनं लावलं. शाळेच्या पेटीत गंधार, म्हणजे सारेगममधला ‘ग’, मुका होता. दुरुस्तीचं नाव निघायचं आणि राहून जायचं. सर प्रार्थना रोज एकाच सुरातून धरायचे, म्हणजे रोज त्याच जागी पेटी बंद. “पेटी गप बसली की तुम्ही बोला,” असं सर म्हणायचे. मग काय, ‘ग’ आला की आम्ही मुली असा जोर लावायचो की मैदानात झोपलेली कुत्री उठून बसायची. अभ्यासात मी यथातथाच. पण माझ्या आवाजावाचून कुणाचं अडू शकतं, हे मला त्या पेटीपाशी पहिल्यांदा कळलं.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. पेटी उत्तम होती, तरी गंधारावर मी ओरडलेच. पेटी वाजवणाऱ्या परीक्षक बाईंनी हात थांबवून कारण विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं. त्या खो खो हसल्या आणि मला पेटीशिवाय गायला लावलं. प्रवेश मिळाला.

तिकडे करमतं का, असं तुम्ही गावाकडचे सगळे फोनवर विचारता. करमतं हो! कॉलेज संपल्यापासून इथे बडोद्यातच एका शाळेत मी गाणं शिकवते, मुलं मला ‘बेन’, म्हणजे आपल्याकडच्या ‘बाई’, म्हणतात, डाळीतला गूळही आता खटकत नाही. फक्त ‘गो’ म्हणायला कुणी नाही.

यंदा आमच्या सुट्टीत पेणच्या शाळेत गेले. नवी पेटी आलीय, सगळ्या पट्ट्या वाजतात. तरी प्रार्थनेत ‘ग’ आला आणि मुलींनी जोर लावला! का, ते त्यांना ठाऊक नाही. मोठ्या मुली तशाच म्हणायच्या, एवढंच. माझाही आवाज आपोआप चढला आणि डोळे भरून आले.

नंतर नववीतली एक मुलगी हळूच जवळ आली. “ताई, गाण्यावर पोट भरतं काय?”

“भरतं गो,” मी म्हटलं.

इतक्या वर्षांत तो ‘गो’ माझ्या तोंडून निघाला नव्हता. मी घरी पोचले होते, आणि बाबांना कासू स्टेशनात द्यायचं राहिलेलं उत्तरही देऊन झालं होतं.