वानरं गेल्यावरही बसून राहिलेले काका

हिंगोली जिल्ह्यातली झाडून सगळी वानरं माझ्या चुलत्यांना घाबरतात, आणि चुलते त्यांतल्या प्रत्येकाला तोंडावरून ओळखतात. हे मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई म्हणून पूर्ण जबाबदारीनं सांगते.

शिरड शहापूरजवळ आमचं कोरडवाहू रान. एका साली वानरांच्या टोळीनं हरभरा ओरबाडून नेला. वर्षभर आई डाळ पातळ करत गेली आणि माझं अकरावीत जाणं लांबलं. पुढच्या साली टोळी आली तेव्हा अख्खं गाव डबे बडवत धावलं. वानरं पळाली, गाव जेवायला घरी गेलं. काका मात्र ज्या बाभळीवरून वानरं उतरली होती तिच्याखालीच बसले, ते आजतागायत. लग्न केलं नाही, जवळा बाजार गावचा आठवडी बाजार सोडला. दुपारी आईचा कपभर चहा आणि "काय भाऊजी, बरं हाय न्हवं?" एवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. दोन सालांनी त्याच टोळीतला फाटक्या कानाचा हुप्प्या परत आला, तर काकांनी लांबूनच ओळखून हाळी दिली. टोळी खाली उतरायच्या आत गाव हजर! कधी चूकही होते. राखाडी सफारीतला एक पाहुणा मला बघायला आला, त्याच्यावरही त्यांनी गोफण फिरवली.

"काका, माणूस होता तो!"

"व्हय, पर चाल वानराची होती."

पाहुणा गेला, मी शिकत राहिले. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "जंतुसंसर्ग हटल्यावर टी पेशींचं काय होतं?" पाठ केलेलं सगळं उडालं. इथं नापास झाले तर घरी काय सांगू? तेवढ्यात डोळ्यांपुढे बाभळ आली.

"सर, जंतू आले की त्यांना ओळखून लढणाऱ्या टी पेशी भराभर वाढतात. जंतू हटले की बहुतेक मरून जातात, मूठभर उरतात. त्या स्मृतिपेशी. जगायला त्यांना जंतू दिसावा लागत नाही. शरीराचे बारीकसे संदेश पुरतात. काही तर जंतू शिरला होता तिथंच मुक्काम करतात. तोच जंतू परत आला की पहिल्यापेक्षा लवकर धावतात."

"इतकं सोपं कोणत्या पुस्तकात वाचलंत?"

"आमच्या रानात, सर."

निकाल घेऊन मी थेट बाभळीखाली गेले. रानात पीक नव्हतं, तरी काका जागेवर. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"बाकीच्या मरून जातात? काहून, माय?"

"काम संपलं म्हणून."

"अन् उरलेली एकटीच बसून राहते?"

"एकटी नाही, काका. तिला कुणीतरी विचारत असतं, म्हणून तर टिकते."

समोरच्या लिंबावर फाटक्या कानाचा येऊन बसला होता. "म्हातारा झाला बेटा," काका म्हणाले, पण गोफण उचलली नाही. मी आईचा चहा त्यांच्या हातात दिला.

आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी एम.एस्सी. झालं होतं.